साबण गल्लीतला बारीक तुकडा

३ फेब्रुवारी, सोमवार

"माझं डोकं खाण्यापेक्षा वहीत लिही," असं मास्तर म्हणाले, म्हणून ही वही. मास्तर म्हणजे माझे यजमान. शाळेत गणित शिकवतात आणि घरीही तोंडी परीक्षा घेतात, म्हणून लग्नानंतर महिन्याभरातच मी त्यांना मास्तर म्हणायला लागले.

तर लिहिते. पूर्व भागाचा आराखडा मला मिळाला नाही.

बावीस वर्षं मी वीज कंपनीच्या नियोजन विभागात आहे. काम सांगितलं की लोक जांभई देतात. कुठल्या गल्लीत पुढच्या दहा वर्षांत किती वीज लागेल याचा अंदाज बांधायचा आणि त्याप्रमाणे केबल कुठे वाढवायची, ट्रान्सफॉर्मर कुठे बसवायचा, हे आधीच ठरवून ठेवायचं. अंदाज बरोबर निघाला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. चुकला, की अख्ख्या शहराला आमचा पत्ता सापडतो.

पूर्व भाग म्हणजे बंद पडलेल्या कारखान्यांचा भाग. तिथे आता दहा-दहा मजली इमारती उठतायत. पूर्वी यंत्रं चालायची तेव्हा दुपारी विजेची ओढ असायची. आता दुपारी सामसूम, आणि संध्याकाळी माणसं घरी आली की एसी, गिझर, गाड्यांचं चार्जिंग, सगळं एकदम. जाळं पहिल्यापासून नव्यानं मांडायला हवं. असं काम नोकरीत एकदाच हाताला लागतं. साहेब दोन वर्षं म्हणत होते, "हे तुमचंच." आज सकाळी एका मुलीला घेऊन माझ्या टेबलापाशी आले. "पूर्व भाग या बघतील. तुम्ही मार्गदर्शन करा."

मार्गदर्शन! म्हणजे शिडी मी धरायची आणि फळं तिनं काढायची.

मुलगी एकोणतीस वर्षांची. दुसऱ्या शहरातून बदली मागून घेऊन आलीये म्हणे. एका जागी उभी राहत नाही. बोलताना टाचांवर झुलते, गर्रकन वळते, परत येते. मनातल्या मनात मी तिचं नाव भिंगरी ठेवलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

तिच्या टेबलावर माझा चौदा वर्षांपूर्वीचा अहवाल दिसला. झेरॉक्स काढलेला, पानोपानी पेन्सिलच्या रेघा, समासात बारीक अक्षरात काहीबाही. म्हणजे माझ्या चुका शोधणं सुरू झालंय.

दुपारी येऊन विचारते, "मॅडम, या अहवालात उत्तरेकडच्या वसाहतीचा भार तुम्ही पाच वर्षं आधी बरोबर सांगितला होता. कसा काढलात? यात सूत्र दिसत नाही."

मी म्हटलं, "अंदाजपंचे."

ती हसली नाही. "नाही, खरंच सांगा ना."

सांगितलं नाही. चौकशी करणाऱ्याला कोण आपण होऊन कागद देतं?

१२ फेब्रुवारी, बुधवार

साहेबांनी तिला पूर्व भाग दाखवून आणायला सांगितलं. तीन तास पायपीट. माझी पद्धत साधी आहे. गच्चीत, खिडक्यांत वर बघत चालायचं. एसीचे डबे मोजायचे, वाळत घातलेले कपडे बघायचे. बाळाचे लंगोट वाळत असतील तर घरात दिवसभर माणूस आहे. इस्त्रीवाल्याला विचारायचं, कुठल्या इमारतीतून किती कपडे येतात. जितके ऑफिसचे शर्ट तितका संध्याकाळचा भार. भिंगरी हे सगळं वहीत लिहून घेत होती. मग तिनं बॅगेतून संगणक काढून तिथेच फुटपाथवर बसून नव्या मीटरांचे आकडे दाखवले. त्या तीन इमारतींत संध्याकाळी सव्वासात ते साडेनऊ भार तिप्पट होतो, हे तिला घरबसल्या माहीत होतं.

"तुमचे शर्ट आणि माझे मीटर एकच सांगतायत," ती म्हणाली. फार आनंद झाला होता तिला. माझे बूट चावत होते.

इस्त्रीवाला मला बावीस वर्षं ओळखतो. निघताना त्यानं तिला पाणी विचारलं. मला नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज ती घरी आली. एका नकाशावर माझी सही राहिली होती, म्हणे सोमवारपर्यंत थांबता येणार नाही. मी सही करेपर्यंत तिनं बाबांना शोधून काढलं.

बाबा एक्याऐंशी वर्षांचे आहेत. कंपनीत जॉइंटर होते, म्हणजे जमिनीखाली दोन केबलींची तोंडं जोडणारे कारागीर. आई गेल्यापासून सहा वर्षं आमच्याकडे राहतात. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी खिडकी. माझ्याशी बोलणं म्हणजे "जेवलीस का" आणि "दार लाव".

मी बाहेर आले तर बाबा खुर्चीच्या टोकाला बसून दोन्ही हात हवेत धरून दाखवत होते, शिसं कसं ओतायचं, कापडानं कसं पुसत न्यायचं, हात थांबला तर जॉइंट कसा वाया जातो. आणि भिंगरी जमिनीवर मांडी घालून बसली होती. चक्क एका जागी.

"आजोबा, परत दाखवा," ती म्हणाली.

त्यांनी परत दाखवलं. मी कधीच बघितलं नव्हतं त्यांना असं. निघताना ती मला "येते हं ताई" म्हणाली. ताई कुणाची!

१ मार्च, शनिवार

परत आली. दीड तास बसली. बाबांनी सकाळीच दाढी केली होती.

जेवताना मी सहज म्हटलं, "तिला काय, फुकटची माहिती मिळतेय."

मास्तर म्हणाले, "तू जळतेयस."

"मी? तिच्यावर? कशासाठी?"

"ते मला काय माहीत. मी उत्तर सांगितलं, रीत तू लिही."

मी जळत नाही. मला फक्त राग येतो तो अन्यायाचा. बावीस वर्षं मी त्याच कंपनीत, त्याच केबलींच्या नकाशात डोकं घालून बसलेय, आणि माझ्या बापानं मला एकदाही विचारलं नाही की तू नेमकं काय करतेस. मीही सांगितलं नाही, हे खरं. पण विचारायला काय हरकत होती? आज तिला विचारत होते, "आमची ही ऑफिसात काय बघते?" आणि ती भिंगरी हात नाचवत काहीतरी सांगत होती. मी स्वयंपाकघरात नळ सोडला. नव्हतं ऐकायचं मला.

८ मार्च, शनिवार

जे लिहायचंय ते लिहायला बसायचं दोनदा टाळलं.

भिंगरीचा आराखडा असा: साबण कारखान्यामागच्या गल्लीतून जाणारी एक जुनी जाड केबल आहे. कारखाना होता तेव्हा ती भरून वाहायची, आता जवळजवळ रिकामी आहे. शेजारच्या केबलीवर चार नव्या इमारती झाल्यात आणि उन्हाळ्यात तिची दमछाक होणार. तर त्यातल्या दोन इमारती या रिकाम्या केबलीवर टाकायच्या. नवीन खोदाई नाही, नवीन खर्च नाही. कागदावर सुंदर आहे. मीही हेच केलं असतं.

फक्त ती केबल सगळीकडे जाड नाही. सदतीस वर्षांपूर्वी साबण गल्लीत गटार खणताना ती तुटली, आणि जाड केबल गोदामात नव्हती म्हणून बाबांनी एकशे चाळीस मीटरचा बारीक तुकडा जोडला. तात्पुरता. तो बदलायचा राहिला आणि नकाशावर चढवायचाही राहिला. मी नोकरीला लागले तेव्हा बाबांनीच एकदा सांगितलं होतं. मी टिपून ठेवलं, पण कळवलं नाही, कारण तोवर कारखाना बंद पडला होता आणि त्या केबलीवर भारच उरला नव्हता.

आज बाबा तिला हीच गोष्ट सांगत होते. मी दाराआड कपडे घड्या करत होते. "गटारवाल्यांनी केबल फोडली. दोन दिवस खड्ड्यात होतो. दुसऱ्या दिवशी माझी पोरगी जेवणाचा डबा घेऊन आली, नऊ वर्षांची असेल. जॉइंट होईपर्यंत खड्ड्याच्या काठावर बसून राहिली. हलेना. मी म्हटलं, घरी जा. म्हणते, तुमचा हात थांबला तर?"

मला हे आठवतं. पण त्यांनाही आठवतं, हे मला कळायला परकी मुलगी घरात यावी लागली.

"कुठली गल्ली आजोबा?" तिनं विचारलं.

बाबा थांबले. मग म्हणाले, "टाकी गल्ली. पाण्याची टाकी आहे ना, तिथली."

टाकी गल्ली नाही. साबण गल्ली. टाकी गल्ली दोन रस्ते पलीकडे आहे, केबल तिथूनही जाते. मी त्या खड्ड्याच्या काठावर बसले होते, समोर साबणाचा कारखाना होता, डबा उघडला तरी साबणाचाच वास येत होता.

माझ्या हातात मास्तरांचा शर्ट होता. मी त्याची घडी घातली.

१० मार्च, सोमवार

मला कुणी विचारलेलं नाही. विचारलं तर सांगेन.

शिवाय तिच्याकडे मीटर आहेत, संगणक आहे. कळेलच तिला.

१९ मार्च, बुधवार

टाकी गल्लीत तपासणीचा खड्डा खणला. रस्ता फोडायची परवानगी एकाच ठिकाणची मिळाली होती. भिंगरीनं बाबांना रिक्षानं नेलं. त्यांनी कपाटातून जुन्या जाड चपला काढल्या, खड्ड्याकडे जायचं म्हणून. मी ऑफिसात होते. मुद्दाम.

केबल निघाली. जाडच्या जाड. नकाशावर होती तशीच.

संध्याकाळी बाबा खिडकीत बसले होते. म्हणाले, "मी त्या पोरीचा दिवस वाया घालवला."

"असू दे बाबा, वय झालं," मी म्हटलं.

"हो," ते म्हणाले. "झालं."

२४ मार्च, सोमवार

साहेबांनी आत बोलावलं. भिंगरीनं दुसऱ्या खड्ड्याची परवानगी मागितलीये. तिचं म्हणणं, म्हाताऱ्याला गल्ली चुकली असेल पण तुकडा खोटा वाटत नाही, आसपासच्या तीन गल्ल्या तपासू. तिला शंका साबण गल्लीचीही आहे. साहेबांना पुन्हा रस्ता फोडणं नको होतं. "ते तुमचे वडील. तुम्हाला काय वाटतं?"

हे विचारणं झालं. मी म्हटलं होतं, विचारलं तर सांगेन.

मी म्हटलं, "बाबांचं वय झालंय साहेब. त्यांच्या बोलण्यावर आता फार जाऊ नये."

साहेबांनी कागदावर "आवश्यक नाही" लिहिलं. मी बाहेर आले. भिंगरीनं टेबलापासून मान वर करून माझ्याकडे आशेनं बघितलं. मी पाण्याची बाटली भरायला गेले.

५ एप्रिल, शनिवार

भिंगरी आली, पण बाबा खोलीतून बाहेर आले नाहीत. बरं नाही म्हणाले. ती अर्धा तास बाहेर मास्तरांशी बोलत बसली आणि गेली. माझ्या मनात आलं, बरं झालं. हेही लिहून ठेवते.

मास्तरांनी आज एक गोष्ट दाखवली. बाबांनी कपाटाच्या दारावर आतून चिठ्ठ्या चिकटवल्यात. "आज कुठला वार ते पेपरात बघणे." "गॅस बंद केला का विचारणे." "गोष्टी सांगू नये." ही तिसरी चिठ्ठी मी दोनदा वाचली.

१५ एप्रिल, मंगळवार

दोन इमारतींचा भार आज साबण गल्लीच्या केबलीवर टाकला. साहेबांनी सगळ्यांसमोर भिंगरीची पाठ थोपटली. ती म्हणाली, "मॅडमच्या जुन्या अहवालावरूनच सुचलं हे." सगळे माझ्याकडे बघून हसले. मला वाटलं, चिमटा काढतेय.

२३ एप्रिल, बुधवार

बारीक तुकडा दीडशे अँपिअर सोसतो. मी रोज संध्याकाळी घरी निघण्याआधी त्या केबलीचा आकडा बघते. सोमवारी एकशे बारा. काल एकशे एकतीस. आज ऊन वाढलं, एकशे सत्तेचाळीस.

सांगायचं तर आता काय सांगू? आधी का नाही सांगितलं, हा पहिला प्रश्न येणार. उद्या बघू. कदाचित हवा बदलेल.

२९ एप्रिल, मंगळवार

एकशे त्रेसष्ट. काही झालं नाही. जुनं काम, मजबूत काम. बाबांच्या हातचे जॉइंट आहेत.

७ मे, बुधवार

काल संध्याकाळी आठला केबल गेली. साबण गल्लीत फुटपाथच्या फरशा उडाल्या, धूर, मोठा आवाज. कुणाला लागलं नाही. अकराशे घरं अंधारात. नकाशा चुकीचा असल्यामुळे दुरुस्ती सुरू व्हायलाच सकाळ उजाडली. पथकाला खणल्यावर बोटाएवढी केबल दिसली, तेव्हा त्यांना वाटलं आपण भलतीच केबल उघडली.

त्या दोन इमारतींपैकी एकीत सहाव्या मजल्यावर एक शिंपी राहतो. त्याची आई घरीच ऑक्सिजनच्या यंत्रावर असते. लिफ्ट बंद. शेजाऱ्यांनी म्हातारीला खुर्चीत बसवून सहा मजले खाली आणलं. इस्पितळात वेळेवर पोचली, आता धोका नाही म्हणतात.

आता धोका नाही म्हणतात. हे मी दिवसभर मनात म्हणतेय.

भिंगरी सकाळी सहापासून गल्लीत होती. दुपारी ऑफिसात आली तेव्हा कपडे मातीनं माखलेले. ती माझ्यापाशी येऊन एवढंच म्हणाली, "आजोबा बरोबर होते." आणि रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ठेवला, आणि काढून घेतला.

१२ मे, सोमवार

बुधवारी चौकशी आहे. भिंगरीची नोकरी अजून कायम झालेली नाही. साहेब म्हणाले, "घालवतील तिला. कुणालातरी घालवावंच लागतं." मग दार लोटून म्हणाले, "पूर्व भाग आता तुम्हीच घ्या. मी आधीपासून म्हणत होतो, अनुभव तो अनुभव."

फाईल माझ्या टेबलावर आली. तीन महिने मी हिच्यासाठी तळमळत होते. उघडली. पहिल्याच पानावर भिंगरीनं छापलंय, आधार: आणि पुढे माझे नऊ अहवाल, सालवार. एकही सुटलेला नाही. दोन तर मीच विसरले होते.

समासातल्या त्या पेन्सिलच्या नोंदीही आत लावल्यात. वाचल्या. एकीत लिहिलंय, "हे अफाट आहे." दुसरीत, "विचारायचं. सांगतील का?"

फाईल बंद केली.

१४ मे, बुधवार

आज सकाळी साडेआठला बाबा दारात उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस विंचरलेले, हातात काठी.

"कुठे निघालात?"

"तुझ्या ऑफिसात. चौकशी आहे ना त्या पोरीची? सांगून येतो त्यांना."

"काय सांगणार?"

"की चूक माझी. माझं डोकं ठिकाणावर नाही. मी तिला भलतीकडे खणायला लावलं." मग चिठ्ठी काढून दाखवली. विसरायला नको म्हणून लिहून घेतलं होतं. 'मी वयानं भ्रमिष्ट झालो आहे, मुलीचा दोष नाही.' खाली सही. "एवढं चालेल ना? का डॉक्टरचंही पत्र लागेल?"

मास्तर मागे चहाचा कप घेऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी बाबांना खुर्चीत बसवलं. त्यांच्या समोर खाली बसले.

"बाबा, तुकडा साबण गल्लीत होता."

"ते आता कळलं सगळ्यांना."

"मला तेव्हाच माहीत होतं. तुम्ही तिला टाकी गल्ली म्हणालात तेव्हा मी दाराआड होते. मी बोलले नाही. साहेबांनी विचारलं तेव्हाही बोलले नाही. म्हटलं, बाबांचं वय झालंय."

बाबांना कळायला वेळ लागला. आधी त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं. "म्हणजे तुलाही तो तेव्हापासून माहीत होता. मला स्वप्न नव्हतं पडलं." मग हळूहळू पुढचं कळलं. ते माझ्याकडे बघत राहिले.

"का?"

मास्तर म्हणतात तसं उत्तर माहीत होतं, रीत लिहायची होती. मी म्हटलं, "तुम्ही तिला सगळं सांगत होतात. मला कधीच नाही."

बाबांनी ती चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. "तू विचारत नव्हतीस," ते म्हणाले. "मला वाटायचं, शिकलेली आहेस, तुला आता आमच्या मातीतल्या गोष्टी कशाला." मग उठून खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

चौकशीच्या खोलीत तीन अधिकारी, साहेब, आणि लांब टेबलाच्या टोकाला भिंगरी. तिच्यापुढे कागदांची नीट रचलेली चळत. ती झुलत नव्हती. मी बसायच्या आधीच बोलले, बसले असते तर राहिलं असतं. काय माहीत होतं, केव्हापासून, कोणाला काय सांगितलं, सगळं. तुकड्याचं टिपण असलेली माझी जुनी नोंदवही टेबलावर ठेवली. साहेब म्हणाले, "नीट विचार करून बोला." मी म्हटलं, "दोन महिने विचारच केला साहेब."

एका अधिकाऱ्यानं विचारलं, "हेतू काय होता?"

मी म्हटलं, "मत्सर." त्यानं लिहिताना मान वर केली. बहुतेक त्या रकान्यात हा शब्द पहिल्यांदाच येत असावा.

१५ मे, गुरुवार

भिंगरी जिन्यात भेटली. मी माफी मागितली. जिन्यात माफी मागणं कसलं, पण दुसरी जागा सापडली नाही.

ती एका पायरीवर स्थिर उभी राहिली. "माझ्याबद्दल मी बघेन, मॅडम. पण पहिल्या खड्ड्यानंतर मी आजोबांना सांगितलं होतं की काळजी करू नका, ताई आपल्या बाजूनं बोलतील. त्यांनी विश्वास ठेवला." थांबली. "मीही ठेवला. बदली मागताना फॉर्ममध्ये कारण लिहावं लागतं. मी तुमचं नाव लिहिलं होतं."

आणि खाली उतरून गेली. मी ताईची परत मॅडम झाले, ते घरी येईपर्यंत लक्षात आलं नाही. लक्षात आल्यावर फार लागलं.

१७ मे, शनिवार

इस्पितळात जाऊन आले. शिंप्याला सांगितलं मी कोण आणि काय केलं. त्यानं खाटेकडे एक नजर टाकली. मग म्हणाला, "आईला सांगू नका. तिला वाटतंय वीज म्हणजे हवापाण्यासारखी, कधी जाते, कधी येते. माणसानं घालवली असं कळलं तर तिला झोप लागायची नाही." म्हातारी खाटेवर उशाला टेकून बसली होती. मला नर्स समजून तिनं उशी सरकवायला सांगितली. सरकवली.

२६ मे, सोमवार

निकाल लागला. भिंगरी राहिली, पूर्व भागही तिच्याकडेच. साबण गल्लीतला तुकडा पुढच्या आठवड्यात बदलणार. माझी नियोजनातून कायमची बदली, तक्रार खिडकीवर, पगारवाढ तीन वर्षं बंद. नोकरी गेली नाही, याचं साहेबांना आश्चर्य वाटलं. मलाही.

आज पहिला दिवस. टेबल रिकामं करताना तिच्या जागेकडे बघितलं. ती फोनवर कुणाला तरी इस्त्रीवाल्याची पद्धत समजावून सांगत होती, जितके शर्ट तितका भार. माझंच सगळं, तिच्या तोंडात किती छान वाटत होतं. जुना मत्सर तसाच वर आला. हे जात नाही. वाटलं होतं, कबूल केलं की जाईल.

खिडकीवर दिवसभरात चौसष्ट माणसं आली. एका बाईचं बिल शेजारणीच्या नावावर येत होतं, आणि दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. दोघींना एकाच वेळी खिडकीशी उभं करून मिटवलं.

बाबा बारा दिवस माझ्याशी बोललेले नाहीत. "जेवलीस का" सुद्धा नाही. आज संध्याकाळी मी घरी आले तर ते खिडकीत बसले होते. मी चपला काढत असताना पाठमोरेच म्हणाले, "नव्या जागी पंखा आहे का?"

"आहे. फिरत नाही."

"मग तक्रार कर."

"तक्रार मीच घेते बाबा."

आधी खांदे हलले, मग आवाज आला. ते हसत होते. मास्तर आतून बघायला आले, काय झालं म्हणून. मग बाबांनी विचारलं, खिडकीवर किती माणसं येतात, बसून काम असतं की उभं राहून, चौसष्ट म्हणजे तासाला किती पडली, ती बिलवाली बाई शेवटी शेजारणीशी बोलली का. एकामागून एक. वेळ जात नसेल त्यांचा. मी जेवण गार होईपर्यंत सांगत होते.

उठताना म्हणाले, "शनिवारी ती पोरगी येणार आहे. तिला जुने जॉइंट कुठे कुठे आहेत ते सगळे नकाशावर मांडायचेत. माझ्या गल्ल्या चुकतात. बाजूला कुणीतरी बसायला हवं."

मी म्हटलं, "मी बसलेलं तिला चालेल का?"

"ते तिला विचार. मी नाही विचारणार."

उद्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन करणार आहे. नाही म्हणाली तरी करणार आहे. वहीत लिहिलं, आता मास्तरांनाही सांगून येते, म्हणजे मला पळवाट उरणार नाही.